इलेक्ट्रिक शॉवर कोमटच येतोय, रिपेअर की नवीन? मदत हवी आहे
यूकेवाल्यांनो जरा सांगा, रेडिंगला आमचा ८.५ किलोवॅटचा शॉवर फुल हॉटवर ठेवला तरी कोमटच, धार अगदी बारीक केली तरच बरं गरम येतं. दिवा लागतो, ब्रेकर पडत नाही, म्हणजे आतल्या दोन एलिमेंटपैकी एक गेलं असणार, इथलं पाणी जड, क्षार साचतातच. एक जण हीटर कॅन (म्हणजे हे एलिमेंट बसवलेला आतला डबा) बदलायचे १४० पाउंड सांगतो, दुसरा ३२० मध्ये १०.५ किलोवॅटचा नवीनच बसवतो म्हणतो पण केबलचं नावच काढत नाही! आत्ता ६ एमएमची केबल नि ४० अँपचा ब्रेकर आहे, १०.५ ला तर ४४ अँपच्या आसपास लागतील ना? त्यामुळे ह्या दुसऱ्यावर माझा काही भरवसा नाही. शॉवर जुना आहे, नुसता कॅन बदलून भागेल का? कोणी केलंय का, रेट बरोबर वाटतात का?