एसक्यूलाइटबद्दल ‘हे नाही, ते नाही’ असं डॉक्युमेंटेशनमध्ये किती दिवस लिहायचं?

टेबलवाला: एका लायब्ररीच्या डॉक्युमेंटेशनचा मसुदा तपासतोय. त्यात एसक्यूलाइट या डेटाबेसवर तीन वाक्यं आहेत: टाइप (आकडा, मजकूर असे डेटाचे प्रकार) नसतात, फॉरेन की (एका टेबलमधली ओळ दुसऱ्या टेबलमधल्या ओळीशी बांधणारा दुवा) चालत नाहीत, एका वेळी एकच जण वापरू शकतो. तिन्ही चुकीची. टाइप असतो, पण तो कॉलमपेक्षा मूल्याला चिकटलेला असतो. इंटिजर कॉलममध्ये अवतरणातला आकडा टाका, पूर्णांक होऊन साठतो. ‘बारा’ टाका, तोही मुकाट्याने मजकूर म्हणून ठेवून घेतो. फॉरेन की २००९ पासून आहेत, फक्त डीफॉल्ट बंद असतात आणि प्रत्येक कनेक्शनवर प्राग्मा (सेटिंग बदलणारी आज्ञा) देऊन चालू कराव्या लागतात. आणि वाचणारे कितीही चालतात, लिहिणारा मात्र एका वेळी एकच.

अर्धविराम: कशाला एवढा कीस? नवशिक्या पहिल्या पानावर येतो तेव्हा त्याला ‘फॉरेन कीवर विसंबू नका’ एवढंच पुरतं. डीफॉल्ट बंद म्हणजे व्यवहारात नाहीच की!

कॉमिटनंतर: नाही पटलं. ‘चालत नाहीत’ वाचून माणूस पालक (दुवा जिच्याकडे जातो ती ओळ) नसलेल्या ओळी शोधणारा कोड स्वतः लिहीत बसतो. एक प्राग्मा दिला असता तर काम झालं असतं. खरा घोळ पुढे आहे. टेस्ट एसक्यूलाइटवर, प्रॉडक्शन (खरी वापरातली सिस्टीम) पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर, हा प्रकार सर्रास चालतो. व्हारचार १० च्या, म्हणजे जास्तीत जास्त १० अक्षरांच्या मजकुराच्या कॉलममध्ये एसक्यूलाइट ४० अक्षरंही घेतो, लांबी बघतच नाही. टेस्ट हिरव्यागार. पोस्टग्रेस तीच ओळ एरर देऊन परत पाठवतो. ‘टाइप नसतात’ या वाक्यातून हे कोणाला कळणार?

जुना_इंडेक्स: बारकावे लिहिले की ते शिळे होतात, हेही बघा. राइट आणि फुल जॉइन (दोन टेबलं जोडायच्या पद्धती) ३.३९ या आवृत्तीत, म्हणजे २०२२ला आले. ड्रॉप कॉलम (कॉलम काढून टाकायची सोय) त्याच्या आदल्या वर्षी. ‘नाहीत’ म्हणणारी पानं अजून फिरताहेत. एसक्यूलाइटवाल्यांनी स्वतःच आपल्या विचित्र सवयींचं पान लिहून ठेवलंय. त्याची लिंक द्या आणि मोकळे व्हा.

टेबलवाला: लिंक देऊच. पण आमची लायब्ररी कनेक्शन उघडताना तो प्राग्मा देते की नाही, हे त्यांच्या पानावर कसं असेल? ते आम्हीच लिहायचं. आणि आवृत्तीचा आकडा वाक्यातच घातला तर वाक्य शिळं झालं तरी खोटं होत नाही.

अर्धविराम: बरं, मग स्ट्रिक्ट, म्हणजे टाइप काटेकोरपणे तपासणाऱ्या टेबलचं काय? ३.३७ पासून तीही सोय आहे. तिथे ‘बारा’ला एरर येते हे खरं, पण व्हारचार आणि डेट ही नावंसुद्धा चालत नाहीत. तुमच्या सल्ल्याने कोणी स्ट्रिक्ट लावलं की जुनी मायग्रेशन (टेबलं बनवणाऱ्या-बदलणाऱ्या स्क्रिप्ट) पहिल्याच टेबलवर फुटणार. तेही घालणार का त्याच परिच्छेदात?

टेबलवाला: घालणार. ‘स्ट्रिक्ट वापरा’च्या आधी.