मदत हवी आहे: अण्वस्त्रमुक्त जगाच्या बाजूने मुद्दे

नाशिककरांनो, भाचीला वादविवाद स्पर्धेत ‘अण्वस्त्रमुक्त जग शक्य आहे’ ही बाजू आलीये. दक्षिण आफ्रिकेने स्वतः बनवलेले सहा बॉम्ब मोडीत काढले आणि १९९१ मध्ये अण्वस्त्रप्रसारबंदी करारात सामील झाली, हा तिचा हुकमी एक्का. राजीव गांधींनी १९८८ मध्ये संयुक्त राष्ट्रांत मांडलेली योजनाही घेतलीये. (त्यात मुदत २०१० ची होती, समोरचे ते उकरणारच!)

अडलंय एकाच ठिकाणी. सगळ्यांनी मोडले आणि एकाने दोन लपवले तर? तपासणीला येणारे निरीक्षक नेमकं काय मोजतात? या क्षेत्रात काम केलेलं कोणी कॉलेज रोड-गंगापूर रोडकडे असेल तर अर्धा तास द्याल का? सावानात (सार्वजनिक वाचनालयात) मराठीत काही मिळेल? ‘युक्रेनने अण्वस्त्रं देऊन टाकली, पुढे काय झालं बघा’ यावरही उत्तर सुचवा. भावनिक वाक्यं नकोत, ती तिच्याकडे ढीगभर आहेत.