मदत हवी आहे: १९५४च्या गॉडझिलातला आगगाडीचा प्रसंग सापडत नाही

घाईतला_गणू:
शनिवारी फिल्म क्लबात पहिल्या गॉडझिलावर बोलायचंय. त्यात आगगाडीतली एक बाई 'नागासाकीतून कशीबशी वाचले आणि आता हे' अशा अर्थाचं काही म्हणते, असं वाचलं. तेवढा तुकडा दाखवायचाय. अख्खा पिक्चर पुढेमागे करून झाला, बाई नाही. कितव्या मिनिटाला आहे? फक्त वेळ सांगा, इतिहास नको.

पडद्यामागे:
आगगाडी सोडा, गॉडझिलाच्या सूटवर बोला! स्पेशल इफेक्ट्सवाल्या त्सुबुरायांना किंग काँगसारखं बाहुलं एकेक चौकट हलवून करायचं होतं, पण तेवढा वेळ कुठला? शेवटी माणूसच आत घातला. हारुओ नाकाजिमा. सूट १०० किलोच्या आसपास. पहिला सूट तर इतका ताठ होता की त्यात चालताच येईना, मग तो कापून नुसत्या पायांच्या शॉटना वापरला. कॅमेरा जास्त वेगाने चालवायचे, म्हणून पडद्यावर पाऊल संथ आणि जड पडतं.

हट्टी_मावळा:
जड कसलं, रबरातला माणूस लगेच कळतो. १९३३चा काँग आजही जिवंत वाटतो.

पडद्यामागे:
विजेचे मनोरे वितळतात तो शॉट पाहिलाय का? मेणाचे मनोरे होते ते. आणि पायाखाली १/२५ मापाचं टोकियो. गिंझातलं घड्याळ पडतं तेव्हा बोला.

घाईतला_गणू:
धागा भरकटतोय. वेळ सांगा ना कुणीतरी.

तांत्रिक_तात्या:
व्हीएलसी प्लेअरमध्ये कीबोर्डवरचं बी दाबलं की ऑडिओ ट्रॅक बदलतो. सबटायटल मागेपुढे होत असेल तर जी आणि एच.

घाईतला_गणू:
तात्या, आवाज नीट आहे. बाई नाहीये.

मीनाक्षी_टी:
तुमची प्रत किती मिनिटांची? आणि त्यात एक अमेरिकी पत्रकार आहे का?

घाईतला_गणू:
८०. हो, आहे ना, सगळीकडे तोच उभा असतो आणि इंग्रजीत सांगत सुटतो. त्याचा इथे काय संबंध?

मीनाक्षी_टी:
सगळा संबंध त्याचाच. तो नट रेमंड बर. तुमच्याकडे १९५६ची अमेरिकी आवृत्ती आहे. दिग्दर्शक टेरी मोर्सने बरचे प्रसंग अमेरिकेत चित्रित करून मध्ये घुसवले. म्हणून तर तो सारखा पाठमोऱ्या जपान्यांशी बोलतो! दिग्दर्शक होंडांचा मूळ जपानी सिनेमा ९६ मिनिटांचा. बरला जागा करताना जे कापलं, त्यात आगगाडी गेली. ती बाई आधी किरणोत्सारी मासळी आणि पावसाचा विषय काढते, मग गॉडझिला. जपानी प्रेक्षकाला ते समजावून सांगावं लागलं नसणार. १ मार्च १९५४ला पॅसिफिकमधल्या बिकिनी बेटावर अमेरिकेच्या हायड्रोजन बॉम्बची चाचणी झाली, तिची राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली, बोटीवरचा रेडिओ ऑपरेटर २३ सप्टेंबरला गेला आणि ३ नोव्हेंबरला हा सिनेमा लागला. अमेरिकी थिएटरात ते वाक्य कोण ठेवणार?

हट्टी_मावळा:
प्रत्येक गोष्टीत राजकारण कशाला? लांबी कमी करायची होती, केली.

मीनाक्षी_टी:
लांबीच कमी करायची होती तर बरला कशाला भरला?

कानसेन:
अवांतर: डरकाळी कुणाच्या लक्षात आली का? संगीतकार इफुकुबे यांची करामत. डबल बासच्या सैल केलेल्या तारेवर राळ लावलेला चामडी हातमोजा घासला आणि ध्वनिमुद्रण हळू वाजवलं. गणू, तुम्ही यावरच बोला, क्लब खूश होईल.

घाईतला_गणू:
कानसेन, मला बाई हवी आहे, डरकाळी नको. मीनाक्षीताई, ९६वालीत कितव्या मिनिटाला?

मीनाक्षी_टी:
मिनिट नाही सांगत, जागा सांगते. सिनेमातले शास्त्रज्ञ डॉ. यामाने संसदेत माहिती देतात, मग बातमी जाहीर करावी की दाबावी यावर पुढारी आणि बायका यांची जुंपते. त्यानंतर थोड्याच वेळात आगगाडी. ती जुंपलेली सभाही दाखवा, बाईच्या वाक्याला वजन येईल. क्रायटेरियन कंपनीच्या डिस्कवर दोन्ही आवृत्त्या आहेत, आळीपाळीने लावा.

घाईतला_गणू:
डिस्क प्लेअर नाही क्लबात. शनिवारच्या आत दुसरं काही?

तांत्रिक_तात्या:
लॅपटॉपला यूएसबीवाला ड्राइव्ह लावा. ब्लू-रे असेल तर ब्लू-रेचाच ड्राइव्ह लागेल, डीव्हीडीवाला चालणार नाही. प्रोजेक्टरला एचडीएमआय आहे ना? ते लिहिलंच नाही तुम्ही.

हट्टी_मावळा:
काँग लावा. त्याची एकच आवृत्ती पुरते.