मदत हवी आहे: आई घाबरली, हात थरथरले आणि शुगर मात्र १८४?

नमस्कार मंडळी,

काल सकाळी आमच्या कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला. डाळ थेट छताला, पंख्याला, कालनिर्णयवर. आई दोन हात अंतरावर उभी होती, पण भाजलं नाही, नशीब. तिने गॅस बंद केला, मला हाक मारली, ओटा पुसायला घेतला. दहा मिनिटांनी स्टुलावर बसली आणि हात लटलट कापायला लागले. घशाला कोरड, तळवे गार, कपाळावर घाम.

शेजारच्या काकू आवाज ऐकून आल्याच होत्या. "अरे, शुगर उतरलीय तिची," म्हणत साखरपाणी कालवूनही झालं त्यांचं. मी आधी ग्लुकोमीटर लावला, तर १८४! तासाभरापूर्वी उपाशीपोटी १२६ होती आणि मधे फक्त बिनसाखरेचा चहा. (साखरपाणी शेवटी मी प्यायलो.)

आई ६४ वर्षांची, मधुमेहासाठी फक्त मेटफॉर्मिनची गोळी चालू. थरथर नि घाम ही शुगर उतरल्याची लक्षणं ना? मग वाढली कशी? आणि आज गोळी जास्त द्यायची का? डॉक्टर सोमवारी भेटतील.

खडीसाखर: मी डॉक्टर नाही, पण १६ वर्षं टाइप १ मधुमेहासोबत काढली आहेत. गोळी अजिबात वाढवू नका, एका आकड्यावरून तर नाहीच.

गंमत अशी की दोन्हीकडे कलाकार एकच, अ‍ॅड्रेनलिन हे हार्मोन. शुगर ७०च्या खाली गेली की ती वर आणायला शरीर ते सोडतं. भीती वाटली तरी तेच सोडतं. म्हणून थरथर, घाम, धडधड हुबेहूब सारखी. भीतीत मात्र यकृत साठवलेली साखर रक्तात ओततं, पळायला इंधन हवं म्हणून. मधुमेह नसलेल्याचं इन्सुलिन ती लगेच आवरतं, आपल्यासारख्या मधुमेह्यांत ती रेंगाळते. त्यात कॉर्टिसॉल हे साखर वाढवणारं दुसरं हार्मोन सावकाश चढतं, वीस-तीस मिनिटांनी टोक गाठतं. हात कामात असताना थरथर जाणवतही नाही, बसल्यावर कळते.

तेव्हा मीटर लावल्याशिवाय ओळखता येत नाही. मीटर नसेल आणि माणूस इन्सुलिनवर किंवा ग्लिमेपिराइडसारख्या, इन्सुलिन वाढवणाऱ्या गोळीवर असेल, तर काकूंचंच बरोबर: साखर द्या. थोडी वाढलेली परवडते, उतरलेली नाही. फक्त मेटफॉर्मिनवर ती सहसा उतरत नाही.

उंबरठा: एक विचारतो, छातीत दुखलं का? दम लागला? पाळी गेलेल्या बायकांमध्ये अशा धक्क्याने हृदयाचा डावा कप्पा फुग्यासारखा फुगू शकतो. ताकोत्सुबो म्हणतात. जपानमध्ये ऑक्टोपस पकडायच्या मडक्याचं हे नाव, आकार तसा दिसतो म्हणून. लक्षणं हार्ट अ‍ॅटॅकसारखीच, त्यामुळे तसं काही असेल तर सोमवारची वाट न बघता ईसीजी काढा.

धागाकर्ता: छातीत काही नाही, दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा ओरडा खाल्ला. काल दुपारी जेवणाआधी १३८ आली, गोळी आहे तेवढीच ठेवली आहे. व्हॉल्व्ह नि गॅस्केट नवं आणलं, पण शिटी झाली की आई अजून दचकते. याला काही उपाय?