ताट समोर आल्याशिवाय टोचायचं नाही : टाइप वन असलेल्या मुलांच्या घरचे अनुभव

टिळकवाडी, बेळगाव

माझ्या लेकाला टाइप वन मधुमेह होऊन 5 वर्षं झाली, आता तो 13 चा आहे. यात शरीरात इन्शुलिन बनणंच थांबतं, म्हणून ते रोज टोचून द्यावं लागतं. डॉक्टरांनी शिकवलेलं सगळं आमच्या वहीत आहे. वहीत नसलेलं इथे लिहूया, म्हणून हा धागा. सुरुवात माझ्याच चुकीपासून करते.

मे महिन्यात नात्यातला साखरपुडा होता, वडगावला. पानं मांडताना दिसली म्हणून मी लेकाला आतल्या खोलीत नेऊन 6 युनिट दिलं. आमचं जेवणाआधी दहा-पंधरा मिनिटं घ्यायचं इन्शुलिन आहे. तेवढ्यात मुलाकडची माणसं आली आणि पहिली पंगत त्यांची झाली. "पोरं काय, दुसऱ्या पंगतीला बसतात की!" मीपण संकोचले, नवीन सोयऱ्यांसमोर काय सांगायचं. अर्ध्या तासाने बघते तर लेक खांबाला टेकून उभा, कपाळावर घाम. "काय झालं रे?" तर माझ्यावरच खेकसला. एरवी तसा बोलत नाही तो. मीटरवर 54. रक्तातली साखर सत्तरच्या खाली गेली म्हणजे हायपो. आचाऱ्याकडून तीन चमचे साखर घेऊन पाण्यात ढवळून पाजली आणि पंधरा मिनिटं घड्याळाकडे बघत बसले. 82 आली, मग भात वाढून घेतला.

तेव्हापासून ताट वाढून समोर आल्याशिवाय इन्शुलिनचं पेन पिशवीतून निघत नाही. उशिरा टोचल्याने जेवणानंतर शुगर थोडी वर जाते. जाऊ दे. संकोचसुद्धा तिथेच सोडला, आता आधीच सांगते की आमचं पान पहिल्या पंगतीत पाहिजे.

खानापूर तालुका

ताई, आमचं जंगलपट्टीतलं गाव. लेक तेव्हा 9 वर्षांची होती. ऐन पावसाळ्यात कळशीत तांब्या बुडवून बुडवून पाणी प्यायची. फ्रॉक अंगात लोंबायला लागला. रात्री अंथरूण ओलं व्हायला लागलं तर सासूबाई म्हणाल्या भ्याली असेल, आणि अंगारा लावला. परसात ती लघवीला बसायची तिथे मुंग्या लागलेल्या मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्या, पण त्याचा अर्थ काही लागला नाही. मग पोटदुखी, उलट्या. एका दवाखान्यात पित्ताच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्या दिवशी धापा टाकायला लागली, तोंडाला पिकून गेलेल्या फळासारखा वास. जीप करून बेळगावला नेलं. मीटरवर आकडाच आला नाही, नुसतं 'हाय'. नर्सबाई म्हणाल्या, 600 च्या वर हे मशीन मोजत नाही. रक्तात कीटोन वाढलेले, म्हणजे इन्शुलिन नसलं की चरबी जळून जी आम्लं तयार होतात ती. चार दिवस आयसीयूत होती. त्या मुंग्या लघवीतल्या साखरेला लागल्या होत्या. दिसल्या त्याच दिवशी बोटातलं रक्त तपासलं असतं तर, हे अजून मनातून जात नाही.

निपाणी

आमचे डॉक्टर कोल्हापूरचे. औषध कधी तिथून, कधी इथून, जाईल तिथून घ्यायचं. डॉक्टर पेन लिहून देतात आणि पेनातल्या काड्यांमध्ये, म्हणजे औषधाच्या नळ्यांमध्ये, एका मिलीत 100 युनिट असतं. एका रात्री पेन अडकलं. घरात जुन्या बाटलीच्या सुया होत्या. मी काडीतूनच सुईने औषध ओढलं, 8 च्या रेघेपर्यंत, आणि दिलं.

ती सुई लाल टोपणाची होती. लाल टोपण एका मिलीत 40 युनिट असलेल्या बाटलीसाठी, नारिंगी 100 साठी. लाल सुईत 8 च्या रेघेला 100 चं औषध ओढलं की पोटात 20 युनिट जातं, अडीच पट. पोरगा 11 वर्षांचा. रात्री दीडला त्याच्या दातांचा आवाज येऊन बायको उठली म्हणून वाचला. गिळत होता तोवर साखरपाणी पाजत राहिलो आणि तसंच गाडीत घातलं. आता घरात एकाच रंगाच्या सुया ठेवतो, दुकानदाराने दुसऱ्या दिल्या तर परत करतो. काडीतून सुईने ओढणं तर बंदच, जादाचं पेन आणून ठेवलंय.

टिळकवाडी

लाल-नारिंगीचं मला पाच वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. आत्ता उठून कपाट बघून आले.

चिकोडीकडचा एक बाप

इन्शुलिन सुरू झाल्यावर दीड महिन्यात मुलाचा डोस निम्म्यावर आला. आम्हाला वाटलं, उतरला आजार. त्याच सुमारास एक जण भेटला, म्हणाला मुळातून घालवतो, चूर्ण घ्या आणि सुई बंद करा. केली बंद. तिसऱ्या दिवशी पोरगा उलट्या करत दवाखान्यात. मोठ्या डॉक्टरांनी न रागावता समजावलं. सुरुवातीला शरीरातल्या उरल्यासुरल्या पेशी थोडे दिवस काम करतात, त्याला हनीमून म्हणतात, मग त्यापण संपतात. नाव काय काढलंय बघा! पोरगा आजारी असो, जेवत नसो, इन्शुलिन पूर्ण बंद करायचं नाही, डोस किती तो फोन करून विचारायचा.

मी स्वतःच टाइप वन, वय 19, शहापूर

सगळे आईबाबाच लिहितायत म्हणून मी. आमची शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक म्हणजे रात्रभर, पहाट होते. मी ढोल वाजवतो. पहिल्या वर्षी खिशात क्रीमची बिस्किटं आणि चॉकलेट होतं. शुगर उतरली तेव्हा चार बिस्किटं खाल्ली तरी वीस मिनिटं हात थरथरत होते. चरबी असलं की साखर रक्तात सावकाश पोचते, हे नंतर कळलं. आता ग्लुकोज पावडरची पुडी ठेवतो. दुसरी गंमत म्हणजे, वाजवताना 160 आणि घरी येऊन झोपल्यावर 60. दमलेले स्नायू नंतर किती तास साखर ओढत राहतात. त्यामुळे मिरवणुकीच्या रात्रीचा लांब पल्ल्याच्या (दिवसभर पुरणाऱ्या) इन्शुलिनचा डोस डॉक्टरांना विचारून कमी करतो आणि अलार्म लावतो. पथकातल्या दोघांना सांगून ठेवलंय, मी येड्यासारखा बोलायला लागलो तर पिऊन आलाय म्हणू नका, पुडी फोडून तोंडात घाला. आणि बेशुद्ध असलो तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ दवाखाना.

कॉलेजातली मुलगी, अनगोळ

दंडाला साखर मोजणारा 14 दिवसांचा सेन्सर लावते. महाग आहे, म्हणून परीक्षेच्या महिन्यातच. आकडा अप्पांच्या फोनवर पण दिसतो. 240 दिसले की लगेच फोन, "काय खाल्लीस?" काहीच खाल्लेलं नसतं ओ. पाळीच्या आधीचे चार दिवस माझी शुगर कुणाचंच ऐकत नाही. हे अप्पांना कसं सांगायचं? शेवटी आईनेच सांगितलं. आता त्या दिवसांत ते फोन करत नाहीत, मेसेज पाठवतात : "पाणी पी."

हुक्केरी तालुका, शेतकरी

आमच्यात फ्रिज नाही. इन्शुलिन थंड ठेवायला दोन मडकी, एकात एक, मधे ओली वाळू. बाटली प्लास्टिकच्या डब्यात घालून आतल्या मडक्यात, वर ओलं फडकं. शेजाऱ्याने त्याच्या फ्रिजमधे ठेवतो म्हणून बर्फाच्या कप्प्यात ठेवलेली एक बाटली गोठली, फेकून द्यावी लागली.

उचगाव

शाळेत बाई कन्नड, आम्ही घरी मराठी. दप्तरात चिठ्ठी ठेवलीय, एका बाजूला कन्नड, दुसरीकडे मराठी, शेजारच्या मास्तरांकडून लिहून घेतली. घाम, थरथर, चिडचिड दिसली तर साखर द्या, तास चालू असला तरी डबा खाऊ द्या. आणि तोलून खायचं म्हणाल तर आमच्या घरची एक भाकरी 70 ग्रॅम पिठाची, म्हणजे 50 ग्रॅमच्या आसपास कार्ब, जे पोटात जाऊन साखर होतं ते. आमच्या पोराला दर 10 ग्रॅमला 1 युनिट लागतं, तुमचा हिशोब वेगळा असणार. अडचण रताळ्याची. शेत रताळ्याचंच, येता-जाता उकडलेलं हातात. आता काटा चुलीजवळच ठेवलाय.

टिळकवाडी

आमच्याकडे आजीला पण शुगर, पण तिची गोळ्यांची. ती नातवाला कारल्याचा रस द्यायची, तिला वाटायचं दोघांचं एकच दुखणं. काल तिच्या बटव्यात बघितलं. सुपारी, अडकित्ता, दहाची नोट आणि कागदात बांधलेली साखर.

"कुणासाठी?" म्हटलं.

"त्याच्यासाठी. मला कुठे चालते?"