शब्दचर्चा: 'कर्मकांड' म्हणू की 'सोपस्कार'? आणि 'श्रद्धा' की 'विश्वास'?

मूळ प्रश्न:
एक मदत हवीये. चर्चमधल्या तरुण मुलांसाठी दोन पानी टिपण लिहितोय, विषय असा की नुसते धार्मिक विधी करत राहणं वेगळं आणि मनापासूनचा विश्वास वेगळा. पहिल्यासाठी 'कर्मकांड' लिहिलं आणि दुसऱ्यासाठी 'श्रद्धा'. एका वयस्कर काकांना वाचायला दिलं तर त्यांनी दोन्हीवर काट मारली, म्हणाले हे आपले शब्द नव्हेत. आता मराठी ते मराठी, आपले आणि परके कुठून आले? पण काका उगाच बोलणाऱ्यातले नाहीत म्हणून विचारतोय.

प्रतिसाद १:
काकांशी मी सहमत, पण कारण वेगळं. 'कर्मकांड' ही मुळात शिवी नाही. वेदांच्या ज्या भागात यज्ञयाग वगैरे कर्मं कशी करायची ते सांगितलंय तो कर्मकांड, आणि ज्ञानाचा विचार आहे तो ज्ञानकांड. कांड म्हणजे प्रकरण, भाग, रामायणात बालकांड सुंदरकांड असतं तसं. पुढे भक्तीवाले आणि नंतर सुधारक, दोघांनीही 'नुसतं कर्मकांड' असं म्हणून म्हणून शब्दाला वास लावला. त्यात हल्ली पेपरात घोटाळा झाला की त्यालाही कांडच म्हणतात, म्हणजे राहिलीसाहिली अब्रूही गेली.

आता हा शब्द तुम्ही ख्रिस्ती मुलांच्या टिपणात घातला की काय होणार? वाचणारा म्हणणार, कर्मकांड ना, ते दुसऱ्यांच्यात असतं, आपल्यात कुठे. आणि खुशाल पान उलटणार. तुमचा बाण शेजारच्या अंगणात पडला, ज्याला लागायला पाहिजे तो मजेत बसलाय. म्हणून काढा असं माझं मत.

विधी हा शब्द कोरा आहे, चांगला ना वाईट. 'संस्कार' कॅथलिक मंडळी साक्रामेंतसाठी, म्हणजे बाप्तिस्म्यासारख्या पवित्र विधींसाठी वापरतात आणि त्याला मान आहे, तो टीकेसाठी वापरू नका. साक्रामेंत या शब्दाचीही गंमत बघा, लॅटिन साक्रामेंतुम म्हणजे रोमन शिपाई भरती होताना घ्यायचा तो शपथेचा शब्द. म्हणजे मुळात ती खूण 'मी आता तुझा' असं सांगणारी. शपथेत काही पोकळ नसतं, पोकळ असेल तर ती घेणारा असतो.

प्रतिसाद २:
सोपस्कार! तुम्हाला 'सोपस्कार' पाहिजे. स अधिक उपस्कार, उपस्कार म्हणजे सामानसुमान, थोडक्यात सगळ्या साहित्यासकट. आता सामानच उरलं आणि ज्याच्यासाठी सामान आणलं ते राहिलं, असा अर्थ झालाय. 'औपचारिक'चं तेच, उपचार म्हणजे खरं तर सेवा, कोणाची तरी काळजी घेणं. डॉक्टर आजही उपचारच करतात. पण 'औपचारिक चौकशी' म्हटलं की कळतं, विचारायचं म्हणून विचारलं.

मूळ प्रश्न विचारणारा:
वा, हे माहीतच नव्हतं. मग श्रद्धा का नको? त्यात तर काही वाईट वास नाही.

प्रतिसाद ३:
वाईट काहीच नाही, उलट फार जुना आणि जवळचा शब्द आहे. श्रद्धा मधला 'श्रद्' आणि लॅटिन 'क्रेदो' मधला 'क्रेद्' हे भाषाशास्त्रात एकाच मुळाचे धरतात, मूळ अर्थ साधारण 'हृदय ठेवणं'. आणि क्रेदो म्हणजे तेच जे आपण चर्चमध्ये रविवारी उभं राहून म्हणतो, मतांगीकार, आपण काय मानतो त्याची ठरलेली कबुली. त्याचा पहिला शब्दच क्रेदो, 'मी विश्वास ठेवतो', म्हणून इंग्रजीत त्याचं नाव क्रीड. आता मराठीतलं नाव बघा, मत-अंगीकार. हृदयाच्या जागी मत आलं! ज्यांनी हा शब्द बनवला त्यांच्या हेतूबद्दल शंका नाही, पण मत काय, मत निवडणुकीतही देता येतं.

तरी मराठी बायबलने 'विश्वास' उचलला आणि आता तोच रुळलाय, काकांच्या कानाला म्हणूनच श्रद्धा परकी लागते. विश्वास मध्ये 'श्वस्' आहे, श्वास घेणं. विश्वास म्हणजे ज्याच्यापाशी मोकळा श्वास घेता येतो, धास्ती नाही. मला हा अर्थ फार आवडतो. शिवाय श्रद्धा 'असते' आणि विश्वास 'ठेवायचा' किंवा 'धरायचा' असतो, म्हणजे काहीतरी करायचं असतं. बायबलवाल्यांनी तर 'विश्वासणारा' असं नामच करून टाकलं, आमच्या घरात बाहेरचं कोणी हे ऐकलं की हसतं, पण आम्हाला त्यात काही वावगं वाटत नाही.

प्रतिसाद ४:
'भाव' कोणी घेतच नाही! भाव तिथे देव म्हणतो ना आपण. कोंकणी ख्रिस्ती लोक तर फेथला आजही 'भावार्थ'च म्हणतात. मराठीत भावार्थ म्हणजे कवितेखाली दहा मार्कांना लिहायचा तो, आणि भाव म्हणजे बाजारातला. कोणी 'भाव खातो' म्हटलं की संपलंच.

मूळ प्रश्न विचारणारा:
😀 बरं अजून एक. टिपणात मी येशूच्या तोंडचं 'ढोंग्यांनो' घेतलंय. ज्यांचा विश्वास नाही पण सगळे विधी करतात ते ढोंगी, असं लिहिलंय. चालेल?

प्रतिसाद ३ वालाच:
इथे जरा थांबा. ग्रीकमध्ये तिथे 'हुपोक्रितेस' आहे, त्याचा साधा अर्थ नट, रंगमंचावर काम करणारा. म्हणजे मराठीत ढोंगापेक्षा 'सोंग' जवळचं. सोंग आणि ढोंग जोडीने येतात पण फरक आहे, सोंगात समोर प्रेक्षक लागतो आणि सोंग कधी ना कधी उतरवायचं असतं. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 6व्या अध्यायात तेच चाललंय, दान करताना पुढे कर्णे वाजवायचे, चवाठ्यावर उभं राहून प्रार्थना करायची, उपास आहे हे कळावं म्हणून तोंड सुकवून हिंडायचं. सगळं लोकांनी बघावं म्हणून. आणि त्यावर येशू काय म्हणतो, ते आपलं प्रतिफळ भरून पावले. ग्रीकमध्ये तिथे जे क्रियापद आहे ते त्या काळी पावतीवर लिहायचे, मराठी भाषांतर म्हणूनच मला जबरदस्त वाटतं, आपल्याकडेही पावतीवर 'भरून पावलो' असंच लिहायची पद्धत होती. टाळ्या मिळाल्या, हिशोब मिटला, आता देवाकडे काही बाकी नाही.

पण तुमच्या टिपणातला माणूस नट नाही हो. त्याला कोणी बघत नाहीये आणि त्याला कोणाला दाखवायचंही नाहीये. तो फक्त उरकतोय. मीच सांगतो माझं. मागच्या रविवारी मतांगीकार म्हणत उभा होतो आणि डोक्यात चाललेलं की आपल्या गाडीमागे कोणी गाडी लावली असेल तर निघायला अर्धा तास जाणार. खिशात किल्ली, बोट किल्लीच्या कडीत. तोंड आपलं चालू. 'पंतय पिलात' असं स्वतःच्याच आवाजात ऐकलं तेव्हा भानावर आलो, म्हणजे सृष्टीच्या निर्मात्यापासून कुमारी मरियेपर्यंत मी सगळं बिनचूक म्हटलेलं आणि मी तिथे नव्हतोच. एक शब्द इकडचा तिकडे नाही. याला ढोंग म्हणणार का तुम्ही? मला ढोंगी म्हटलं असतं तर मी भांडलो असतो, पण 'उरकत होतास' म्हटलं तर मान खाली घालण्यावाचून इलाज नाही.

म्हणून मला वाटतं तुम्ही नामांच्या मागे लागलायत आणि घोळ क्रियापदात आहे. विधी तोच, पण मराठीत तो उरकतात, आटपतात, पार पाडतात, करतात, पाळतात. बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन तर 'घेतात', घ्यायला हात रिकामा लागतो. 'उरकणे' हे क्रियापद जिथे बसतं तिथे शंका घ्यायची, मग ते मेणबत्ती लावणं असो की हात वर करून डोळे मिटून गाणी म्हणणं असो. हो, कारण ज्या मंडळ्यांना वाटतं आमच्यात विधी नाहीतच, त्यांच्याही उत्स्फूर्त प्रार्थनेत दर रविवारी तीच वाक्यं त्याच क्रमाने येतात, फक्त छापलेली नसतात.

प्रतिसाद ५:
नेहमी वाचते, आज लिहिते. उरकण्याबद्दल पटलं पण पाठ म्हणण्याला नावं ठेवू नका एवढीच विनंती. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात 29:13 मध्ये देव म्हणतो की हे लोक ओठांनी माझा मान राखतात पण त्यांचं मन माझ्यापासून दूर आहे, येशूही तेच पुन्हा सांगतो. आपल्याकडे पाठ झालं की 'तोंडपाठ', 'मुखोद्गत', 'कंठस्थ', सगळं तोंड आणि गळा, हृदयापर्यंत कोणी पोचतच नाही, म्हणून तोंडपाठ म्हणजे पोकळ असं धरून चालतात.

माझे वडील अतिदक्षता विभागात होते तेव्हा मी बाहेरच्या बाकावर बसून प्रार्थना करायचा प्रयत्न करत होते. एरवी मी प्रार्थनासभेत पंधरा पंधरा मिनिटं बोलणारी, माझे शब्द मलाच छान वाटायचे. त्या रात्री एक वाक्य जुळेना. 'हे देवा' म्हणायचं आणि पुढे नुसतं पांढरं. मग कधीतरी आपोआप 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' सुरू झालं, लहानपणी संडे स्कूलमध्ये घोकलेलं. 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' पाशी आले आणि पुढे म्हणवेना, कारण त्या रात्री मला ते नको होतं. परत पहिल्यापासून. असं तीनदा झालं, समोर सफाईवाली बाई फरशी पुसत होती, तिने पाय वर घ्या म्हणून खूण केली, मी पाय वर घेतले आणि तसेच पाय वर धरून ते वाक्य म्हटलं. इतक्या वर्षांत हजारो वेळा ते म्हटलं असेल, पण अर्थ त्या दिवशी भरला. पण भरायला भांडं आधी घरात होतं ना.

प्रतिसाद १:
ताई, हे वाचून गप्प बसलो थोडा वेळ. आणि बघा, मत्तय 6 मध्येच येशू म्हणतो व्यर्थ बडबड करू नका, आणि दोन ओळींनी खाली हीच ठरलेली प्रार्थना देतो. विधीच नको असता तर शब्द दिलेच नसते. मत्तय 23:23 पण तसंच, पुदिना, शेप आणि जिऱ्याचा दशांश देता आणि न्याय, दया, विश्वास सोडता म्हणून फैलावर घेतो, पण लगेच म्हणतो ह्या करायच्या होत्या तरी त्या सोडायच्या नव्हत्या. जिरं देऊ नका असं नाही म्हणाला.

प्रतिसाद ३ वालाच:
अगदी. आणि त्याच ओळीतल्या 'विश्वास'ला ग्रीकमध्ये 'पिस्तिस' आहे. हाच शब्द पौलाच्या गलतीकरांस पत्रात 5:22 मध्ये आत्म्याच्या फळांच्या यादीत येतो, तिथे मराठी बायबल 'विश्वासूपणा' म्हणतं. एकच ग्रीक शब्द, मराठीत दोन. आपण विश्वास म्हटलं की मनातली भावना धरतो, भरून आलं की आहे, नाही आलं की नाही. पण विश्वासूपणा म्हणजे भरून येवो न येवो, माणूस हजर. म्हणजे तो किल्लीत बोट घातलेला मी, निदान उभा तरी होतो, एवढं मला सवलत म्हणून द्या 😀 याकोब मात्र सवलत देत नाही, आपल्या पत्रात 2:19 मध्ये म्हणतो देव एकच आहे असा विश्वास भुतंही धरतात आणि थरथर कापतात. म्हणजे नुसतं बरोबर मत असून भागत नाही, मतांगीकार भुतांचाही झालेला आहे.

आणि याकोब 1:27 तर तुमच्या प्रश्नाच्या मुळाशीच जातो. तिथला 'थ्रेस्केइया' हा शब्द बाहेरून दिसणाऱ्या उपासनेचा, विधीचा, मराठीत 'धर्माचरण'. याकोब हा विधीवाला शब्दच घेतो आणि म्हणतो देवाच्या दृष्टीने शुद्ध धर्माचरण म्हणजे अनाथ आणि विधवा यांच्या संकटात त्यांचा समाचार घेणं आणि स्वतःला जगापासून निष्कलंक ठेवणं. विधी मोडीत काढला नाही, पत्ता बदलला.

प्रतिसाद ४:
अनाथ-विधवांचा समाचार घेणं?? आजच्या मुलाने वाचलं तर त्याला वाटेल जाऊन झापायचंय.

मूळ प्रश्न विचारणारा:
खरंच की! आमच्या ग्रुपमध्ये एकाने हे वचन मोठ्याने वाचलं होतं तेव्हा मागची दोन पोरं हसली होती, मी त्यांनाच ओरडलो. बरं, कर्मकांड काढलं, सोपस्कार घातलं, तेही एकदाच. शीर्षकात आता 'उरकणे' आहे. ढोंगी काढतोय. श्रद्धाच्या जागी विश्वास घातला, पण श्वासवाली गोष्ट कंसात न घालता सरळ पहिल्या परिच्छेदात घेतो, काका वाचतील तेव्हा काय म्हणतात बघू. फक्त 'समाचार' ला आजचा शब्द सुचवा कोणीतरी. 'विचारपूस' सौम्य वाटतं, 'भेट' म्हटलं तर जाऊन चहा पिऊन आलो असं होतं.

प्रतिसाद ५:
'धावून जाणं' घ्या.

प्रतिसाद २:
धावून जाणं म्हणजे पण अंगावर धावून जाणं होतं कधीकधी. 'त्यांच्या संकटात त्यांच्यापाशी असणं' लिहा, लांब होईल पण झापणार तरी नाही कोणी.