मदत हवी आहे : लाकी भाषेतली समानतेची वाक्यं

मंडळी, पुण्यात शिकणाऱ्या इराणी विद्यार्थ्यांपैकी कुणाची घरची बोली लाकी (पश्चिम इराणातली एक भाषा) आहे का? कुहदश्त, नूराबाद, अलेश्तर किंवा हरसीनकडचं कुणी मिळालं तर फार बरं होईल. लाकीत ‘क्ष हा य एवढा उंच आहे’ कसं म्हणतात, त्याची ध्वनिमुद्रणं हवी आहेत.

कृपया फारसी वाक्य देऊन भाषांतर मागू नका. लाकी बोलणाऱ्यांना फारसी सहसा उत्तम येते, त्यामुळे फारसीतल्या ‘बे अंदाज़े-ये’ची (‘-एवढा’) घडण जशीच्या तशी उत्तरात उतरते आणि बोलीतलं खरं रूप मागेच राहतं. त्यापेक्षा सारख्या लांबीच्या दोन काठ्या समोर ठेवा आणि लाकीतच बोलायला सांगा. मग एक काठी चार बोटं कापून पुन्हा विचारा, म्हणजे नकारार्थी वाक्य आपसूक मिळेल.

प्रमाण आणि रीत वेगळी नोंदवा. मराठीत ‘गीताएवढी उंच’ आणि ‘गीतासारखी गाते’ यांत शब्दच बदलतो, फारसीतलं ‘मेस्ल-ए’ (‘-सारखा’) मात्र दोन्हीकडे चालून जातं. लाकीत एकच शब्द दोन्ही कामं करतो की दोन आहेत, माझा मुख्य प्रश्न हाच. ‘दोघं एकाच उंचीचे’ ही घडणही घ्या, पण तिला ‘क्ष हा य एवढा उंच’चं उत्तर धरू नका. तिथे दोघं मिळून कर्ता होतात.

प्रत्येक वाक्य दोनदा, सावकाश. गावाचं नाव जरूर लिहा, बोलणाऱ्याचं नको.